शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासाठी दोन शहरांत चुरस असेल, तर आपली मागणी कशी मांडावी

जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झाले, किंवा असलेल्या महाविद्यालयाचा विस्तार करायचे ठरले, की ते कोणत्या गावात व्हावे यावरून ओढाताण सुरू होते. जून २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वर्धा जिल्ह्यासह नऊ ठिकाणच्या नव्या महाविद्यालयांना मान्यता दिली, तेव्हा वर्ध्याबरोबरच हिंगणघाट आणि आर्वी या गावांचीही नावे पुढे आली. अशा वेळी स्थापन होणाऱ्या कृती समितीने निवेदनात गावाचा इतिहास, बाजारपेठ आणि अस्मिता यांवर पाने भरण्यापेक्षा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे निकष आधी वाचावेत, कारण शेवटी महाविद्यालयाला परवानगी मिळते ती त्याच मोजमापावर.

आयोगाच्या २०२३ च्या निकषांनुसार १०० विद्यार्थ्यांच्या प्रवेशक्षमतेसाठी ४२० खाटांचे, तर १५० विद्यार्थ्यांसाठी ६०५ खाटांचे रुग्णालय लागते. वर्षभरात सरासरी ८० टक्के खाटा भरलेल्या असाव्या लागतात आणि बाह्यरुग्ण विभागात प्रत्येक प्रवेशजागेमागे रोज आठ रुग्ण यावे लागतात. म्हणजे १०० जागा मागणाऱ्या गावाला रोज सुमारे ३३६ दाखल रुग्ण आणि ८०० बाह्यरुग्ण दाखवता आले पाहिजेत. आपल्याकडची उपजिल्हा रुग्णालये साधारणपणे ५० किंवा १०० खाटांची असतात, हे लक्षात घेतले तर मागणी आणि वास्तव यांतील अंतर केवढे आहे ते कळते. हे अंतर लपवू नये. ते किती वर्षांत, कोणत्या टप्प्यांनी भरून काढायचे, हे निवेदनातच मांडले तर ते वाचणाऱ्या अधिकाऱ्याचा विश्वास वाढतो.

यासाठी लागणारी आकडेवारी माहिती अधिकाराच्या अर्जाने मिळते आणि त्याचे उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. गेल्या तीन वर्षांतील बाह्यरुग्ण, आंतररुग्ण, प्रसूती आणि मोठ्या शस्त्रक्रिया यांची महिनावार संख्या मागवावी. त्याहूनही महत्त्वाची नोंद म्हणजे पुढे पाठवलेल्या रुग्णांची: अपघातात डोक्याला मार लागलेले, अडलेल्या बाळंतिणी, अत्यवस्थ नवजात बालके यांपैकी किती जणांना मोठ्या शहरात पाठवावे लागले आणि त्यांना तिथे पोहोचायला किती वेळ लागला? माझ्या मते संपूर्ण निवेदनात याहून बळकट पुरावा दुसरा नाही, कारण महाविद्यालय ज्यांच्यासाठी हवे आहे ते लोक याच नोंदीत सापडतात.

शेजारच्या गावाचा दावा खोडण्यापेक्षा आपल्या परिसरातील उणीव दाखवावी. वर्धा शहराजवळ सेवाग्राम आणि सावंगी येथे दोन वैद्यकीय महाविद्यालये आधीपासून आहेत, तर हिंगणघाट नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. असे मुद्दे कोणालाही न दुखावता मांडता येतात. महाविद्यालय जिल्ह्याच्या मुख्यालयातच असावे असाही नियम नाही. बीड जिल्ह्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अंबाजोगाईला आहे.

वाटणीचा पर्याय सुचवायचा असेल तर थोडी सावधगिरी हवी. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी मिरज आणि सांगली या दोन्ही शहरांतील शासकीय रुग्णालये संलग्न आहेत. जवळजवळच्या शहरांना ही रचना परवडते. मात्र महाविद्यालय आणि रुग्णालय वेगवेगळ्या जागी असल्यास त्यांच्यातील प्रवास ३० मिनिटांपेक्षा जास्त नसावा, असा निकष आहे. त्यामुळे इमारत एका तालुक्याला आणि रुग्णालय दुसऱ्या तालुक्याला देण्याची तडजोड ऐकायला गोड वाटली, तरी अंतर जास्त असेल तर ती टिकत नाही. घड्याळ लावून, गर्दीच्या वेळी, रस्त्याने प्रत्यक्ष जाऊन पाहावे आणि लागलेला वेळ निवेदनात लिहावा.

जागेचे काम त्या मानाने सरळ आहे: शासकीय जमिनीचा सातबारा, मोजणीचा नकाशा, पाणी आणि रस्ता यांची कागदपत्रे जोडावीत.

अध्यापकांचा प्रश्न मात्र बहुतेक निवेदनांतून सुटून जातो आणि खरी दुखरी नस तीच आहे. नव्या महाविद्यालयाच्या तपासणीसाठी जुन्या महाविद्यालयातील अध्यापक तात्पुरते हलवले, तर एका शहराचा विजय दुसऱ्या शहरातील रुग्णांच्या मुळावर येतो. म्हणून स्वतंत्र पदनिर्मिती, रिक्त पदांची नियमित भरती आणि अध्यापकांसाठी निवासस्थाने या तीन गोष्टी इमारतीच्या निधीइतक्याच ठळकपणे मागाव्यात.

तयार निवेदन पालकमंत्री, जिल्हाधिकारी आणि वैद्यकीय शिक्षण विभाग यांना एकाच दिवशी द्यावे, प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा आणि एक प्रत शेजारच्या शहरातील कृती समितीलाही पाठवावी. दोन्ही समित्यांच्या आकड्यांत तफावत आढळली, तर ती शासनाच्या बैठकीआधी समोरासमोर बसून दूर करता येते.