जेरुसलेमची चौथ्या शतकातली यात्रावाट: या चुका टाळा

वसई-मुंबईहून होली लँड टूरला निघालेल्यांच्या हाती बहुतेक वेळा ठिकाणांची आयती यादी असते. दर्शनाला ती पुरते. पहिले यात्रेकरू कुठून चालले हे शोधायचं असेल, तर मात्र तिच्यामुळे फसगत होते.

सगळ्यात मोठी गल्लत क्रुसाच्या वाटेची, म्हणजे येशू क्रूस घेऊन गेला त्या वाटेची. आजची चौदा स्थानं मध्ययुगाच्या अखेरीनंतर हळूहळू ठरत गेली. इ.स. 381 ते 384 दरम्यान जेरुसलेमला आलेल्या एजेरिया या यात्रेकरू बाईच्या गावीही ती नव्हती. तिने वर्णन केलेली पवित्र गुरुवारची (गुड फ्रायडेच्या आदल्या रात्रीची) मिरवणूक जैतुनाच्या डोंगरावरून निघते, पायथ्याच्या गेथशेमने बागेशी थांबते आणि माणूस माणसाला ओळखू येईल अशा पहाटे शहराच्या वेशीशी पोचते. त्यामुळे तुम्हीही डोंगरावरून खाली उतरत या.

येशूच्या पवित्र कबरेच्या चर्चमध्ये उभं राहून ‘एजेरियाचं वर्णन इथे जुळत नाही’ म्हणणारे पुष्कळ. जुळणार कसं? आज आपण दक्षिणेच्या दारातून आत जातो. तिच्या काळी प्रवेश पूर्वेकडून, कार्दो या हमरस्त्यावरून होता. आधी अंगण, मग बासिलिका (मोठं लांबट चर्च), तिच्यामागे गोलगोथाचा, म्हणजे येशूला क्रुसावर दिलं त्या जागेचा चौक आणि शेवटी कबरेभोवतीची गोल वास्तू. सम्राट कॉन्स्टंटाइनने उभारलेल्या या बासिलिकेचं समर्पण 335 मध्ये झालं. 1009 मध्ये खलिफा अल-हाकिमच्या हुकमाने हा परिसर पाडला गेला. आज दिसतं त्यातलं बरंचसं क्रुसेडरांच्या (युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या) काळचं आहे. म्हणून चर्चमध्ये शिरण्याआधी शेजारच्या रशियन अलेक्झांडर हॉस्पिसमध्ये जा. जुन्या प्रवेशाकडचे अवशेष तिथे आहेत, आणि गर्दीही कमी.

जॉर्डनमधल्या मादबा गावच्या सहाव्या शतकातल्या मोझेक नकाशाचा फोटो मोबाइलवर उघडून गोंधळत असाल, तर एवढंच लक्षात ठेवा: त्यात वरची बाजू पूर्व आहे, उत्तर नव्हे. कबरेचं चर्च खांबांच्या रस्त्याखाली (हाच तो कार्दो) उलटं दिसतं, तेही बरोबरच आहे.

333 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोहून आलेल्या यात्रेकरूने टप्प्याटप्प्याची अंतरं लिहून ठेवली आहेत. ती आजच्या मैलांत मोजू नका. रोमन मैल साधारण दीड किलोमीटरचा. बोर्दो ते तुलूझपर्यंत तर त्याने लीग हे वेगळंच माप वापरलं आहे. शिवाय त्याच्या यादीतला प्रत्येक थांबा मुक्कामाचा नाही. बरेच थांबे नुसते घोडे बदलण्याचे. सगळ्यांना एकेक रात्र दिलीत तर प्रवास उगाच लांबतो.

येशूच्या बाप्तिस्म्याची जागा हा बोर्दोचा यात्रेकरू मृत समुद्रापासून पाच मैलांवर सांगतो. गालील सरोवराजवळचं ‘यार्देनीत’ हे बाप्तिस्म्याचं ठिकाण अलीकडचं. तिथल्या पायऱ्या, रेलिंग, भाड्याचे पांढरे झगे सगळं सोयीचं, पण जुन्या वाटेवरचं नव्हे. त्यासाठी दक्षिणेला जायचं: जॉर्डन देशात अल-मग्तस किंवा जॉर्डन नदीच्या समोरच्या काठावर कसर अल-याहूद. पाणी गढूळ असतं, स्वतःचा पांढरा झगा नेणार असाल तर त्याचा मोह सोडा.