कोपराची दुखापत तपासताना या चुका टाळा

कोपर सुजलेलं दिसलं की तपासणाऱ्याचा हात आधी कोपरावरच जातो. पहिली चूक तिथेच होते. मूल सायकलवरून किंवा झाडावरून तळहातावर पडलं असेल, तर तपासणी बोटांपासून सुरू करा. मनगटाची नाडी, बोटांचा रंग आणि ऊब पाहा. नख दाबून सोडल्यावर लाली साधारण २ सेकंदांत परतायला हवी. साधारण ५ ते ७ वर्षांच्या मुलांत दंडाचं हाड कोपराच्या जरा वर मोडतं, ते सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चर. त्यात खालचा तुकडा मागे सरकतो आणि वरच्या तुकड्याचं धारदार टोक पुढे येऊन धमनी आणि नसांना टोचू शकतं.

नसांसाठी ‘मूठ उघड, मूठ मिट’ एवढं पुरत नाही. हाताच्या तीन मुख्य नसा म्हणजे मीडियन, रेडियल आणि अल्नर. या फ्रॅक्चरमध्ये सर्वांत जास्त दुखावते ती मीडियन नसेची अँटिरिअर इंटरऑसियस शाखा, जी अंगठा आणि तर्जनीची शेवटची पेरं वाकवते. कातडीची संवेदना तिच्याकडे नसल्यामुळे ‘बधिर वाटतंय का?’ विचारून ती सापडत नाही. अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवून गोल करायला सांगा. शेवटची पेरं वाकली नाहीत आणि गोलाऐवजी चपटी चिमटी झाली, तर नस दुखावली आहे. अंगठा उचलता येणं ही रेडियल नसेची खूण, बोटं फाकवता येणं अल्नरची. हे सगळं प्लास्टरच्या आधी आणि नंतर तपासून वेळेसकट केसपेपरवर लिहा. नाहीतर नस पडण्याने दुखावली की प्लास्टरने, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

आधार देताना कोपर जबरदस्तीने ९० अंशांत आणून करकचून बांधू नका. सुजलेलं कोपर जितकं जास्त वाकवाल, तितका रक्तपुरवठा दबतो. २० ते ४० अंशांत, सैल पट्टीने फळी लावा. औषध देऊनही दुखणं वाढत असेल किंवा बोटं हलकेच सरळ केली तरी मूल किंचाळत असेल, तर पट्टी कातडीपर्यंत मोकळी करून लगेच ऑपरेशनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका. स्नायूंचं रक्त तुटलं असतानाही ती लागू शकते. मग बोटं कायमची आखडू शकतात.

फ्रॅक्चर की सांधा निखळला? कोपराच्या दोन बाजूंचे हाडाचे उंचवटे आणि मागचं टोक चाचपा. कोपर ९० अंशांत असताना हे तीन बिंदू त्रिकोण करतात. सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चरमध्ये त्रिकोण शाबूत राहतो, सांधा निखळला की बिघडतो. सूज फार असेल तर हे जमत नाही, तेव्हा एक्स-रेच.

मुलांचा एक्स-रे फसवा असतो, कारण बराच भाग कूर्चेचा आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. कूर्चेत हाड तयार होण्याची केंद्रं ठरावीक क्रमाने दिसू लागतात: कॅपिटेलम (दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाचा बाहेरचा भाग) साधारण १ वर्षाला, रेडियसचं (पुढच्या हाताच्या अंगठ्याकडच्या हाडाचं) डोकं ३, आतला एपिकॉन्डाइल (कोपराच्या बाजूचा उंचवटा) ५, ट्रॉक्लिया (दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाचा आतला भाग) ७, ओलेक्रेनॉन (कोपराचं मागचं टोक) ९, बाहेरचा एपिकॉन्डाइल ११. वर्षं मागेपुढे होतात, क्रम सहसा नाही. ट्रॉक्लिया दिसते पण आतला एपिकॉन्डाइल जागेवर नाही, असं असेल तर ती ‘ट्रॉक्लिया’ म्हणजे सांध्यात अडकलेला एपिकॉन्डाइलच असू शकतो. बाजूच्या फिल्ममध्ये हाडामागे चरबीची काळी सावली दिसली, तर भेग दिसत नसली तरी फ्रॅक्चर धरूनच चाला.

१ ते ४ वर्षांच्या मुलाला हात धरून उचललं आणि त्याने हात हलवणं सोडलं, पण सूज नाही, तर बहुधा रेडियसचं डोकं लिगामेंटमधून किंचित सरकलेलं असतं. जाणत्या हाताने तळहात पूर्ण जमिनीकडे फिरवला की ‘टक’ होतं आणि १०-१५ मिनिटांत मूल खेळू लागतं. मात्र मूल पडलं असेल किंवा सूज असेल, तर एक्स-रेआधी हात फिरवू नका.

आपल्याकडची सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तेल लावून चोळणं. दुखावलेल्या स्नायूत हाड तयार होऊन कोपर कायमचं ताठरू शकतं. प्लास्टर निघाल्यावर हात सरळ व्हावा म्हणून पाण्याची बादली उचलायला लावणं, हाही त्याच वाटेचा उद्योग. मुलाने स्वतःहून केलेली हालचाल पुरते. महिनोन् महिने लागतात, लागू द्या.

मोठ्यांत कोपर पूर्ण सरळ होत असेल तर फ्रॅक्चरची शक्यता बरीच कमी. मुलांत या चाचणीवर विसंबू नका. आणि बाहेरच्या बाजूचं प्रत्येक दुखणं टेनिस एल्बो (तिथल्या स्नायूबंधाचं दुखणं) नसतं. हाडाच्या उंचवट्यापासून ३-४ सेंमी खाली दुखत असेल तर रेडियल नस पाहा, मान वळवल्यावर वाढत असेल तर मान. टेनिस एल्बोच असेल तरी स्टिरॉइडच्या इंजेक्शनची घाई नको: काही आठवडे आराम पडतो, पण वर्षभराने इंजेक्शन न घेतलेलेच बहुधा जास्त बरे असतात.