महामारीचा व्यवसायांवरील परिणाम अभ्यासताना या चुका टाळा

कोविड-19 महामारीचा उद्योग-व्यवसायांवर झालेला परिणाम हा वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखांतील संशोधकांचा गेल्या काही वर्षांतला आवडता विषय आहे, आणि तो असायलाही हवा. मात्र त्या काळात व्यवसायांची घडी जशी विस्कटली, तशीच त्यांचे मोजमाप करण्याच्या साधनांचीही विस्कटली. याकडे दुर्लक्ष झाले की प्रामाणिक मेहनतीतूनही चुकीचे निष्कर्ष हाती येतात.

घटनेची तारीख

शेअर बाजाराच्या आकडेवारीवर इव्हेंट स्टडी, म्हणजे एखाद्या घटनेमुळे शेअरच्या परताव्यात किती फरक पडला याचा अभ्यास, करताना 25 मार्च 2020, म्हणजे देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस, हाच घटनेचा दिवस धरण्याचा मोह होतो. त्या दिवशी सेन्सेक्स सुमारे 1,862 अंकांनी, म्हणजे जवळजवळ 7 टक्क्यांनी वाढला होता. सॉफ्टवेअरने दिलेले उत्तर जसेच्या तसे प्रबंधात उतरवले, तर टाळेबंदी ही गुंतवणूकदारांना आनंदाची बातमी वाटली असे म्हणावे लागेल. प्रत्यक्षात बाजार कोसळला तो दोन दिवस आधी. 23 मार्चला सेन्सेक्स 3,934.72 अंकांनी, म्हणजे 13.15 टक्क्यांनी घसरला आणि व्यवहार 45 मिनिटे थांबवावे लागले. महाराष्ट्रात राज्यभर संचारबंदीची घोषणाही त्याच दिवशी झाली. शिवाय 25 तारखेच्या तेजीच्या वेळी अमेरिकेत सुमारे 2 लाख कोटी डॉलरच्या मदत योजनेवर सहमती होत आली होती, तर 26 मार्चला आपल्या केंद्र सरकारने 1.70 लाख कोटी रुपयांची योजना जाहीर केली. इतक्या बातम्या एकमेकींत मिसळलेल्या असताना एका दिवसाच्या परताव्यावरून टाळेबंदीचा परिणाम वेगळा काढता येत नाही.

यावर उपाय असा, की बातमी बाजारापर्यंत प्रथम केव्हा पोहोचली हे वृत्तपत्रे आणि शासकीय आदेश पाहून ठरवावे आणि एकाऐवजी अनेक तारखा तपासाव्यात. 'सामान्य' परतावा, म्हणजे ती घटना घडली नसती तर अपेक्षित असलेला परतावा, ज्या कालखंडावरून काढायचा, तो जानेवारी 2020 च्या मध्यापूर्वीच संपवावा, कारण फेब्रुवारी-मार्चची उलथापालथ त्यात शिरली तर तुलनेचा पायाच डळमळतो. सगळे शेअर एकाच दिवशी एकाच कारणाने हलले असल्यामुळे प्रत्येक कंपनी हा स्वतंत्र पुरावा मानणारी नेहमीची सांख्यिकीय चाचणी येथे फसवी ठरते. संपूर्ण बाजाराच्या घसरणीपेक्षा हॉटेल आणि औषधनिर्मिती अशा दोन क्षेत्रांतील फरक अधिक काही सांगून जातो.

बंद पडलेल्यांना कोण विचारणार?

माझ्या मते हीच सर्वांत गंभीर चूक आहे. 2021 किंवा 2022 मध्ये लघुउद्योजकांना गूगल फॉर्म पाठवला, दीडशे उत्तरे आली आणि 'बहुसंख्य उद्योग सावरले' असा निष्कर्ष निघाला, तर त्यात नवल नाही. कारण ज्यांनी शटर कायमचे ओढले, त्यांच्यापर्यंत तो फॉर्म पोहोचलाच नाही. नमुना कितीही मोठा केला तरी हा दोष जात नाही. त्यासाठी 2019 ची एखादी जुनी यादी, उदाहरणार्थ स्थानिक उद्योजक संघटनेची सभासद-यादी किंवा औद्योगिक वसाहतीतील भूखंडधारकांची यादी, हाती घ्यावी आणि तीतील प्रत्येक नावाचे पुढे काय झाले याचा माग काढावा. जे सापडले नाहीत, त्यांची संख्या प्रबंधात स्पष्ट नोंदवावी. सर्वेक्षण आधीच उरकले असेल, तर निदान उत्तर देणारे आणि न देणारे यांची आकार, वय व ठिकाण या बाबतींत तुलना करावी आणि निष्कर्ष 'टिकून राहिलेल्या उद्योगां'पुरता मर्यादित ठेवावा.

सरकारी आकड्यांतही हीच पोकळी आढळते. दिवाळखोरी संहितेत घातलेल्या कलम 10अ नुसार 25 मार्च 2020 ते 24 मार्च 2021 या काळातील थकबाकीसाठी कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करता येत नव्हती, आणि रिझर्व्ह बँकेने 1 मार्च ते 31 ऑगस्ट 2020 पर्यंतचे कर्जहप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती. त्यामुळे त्या वर्षातील कमी दिवाळखोऱ्या कंपन्यांच्या प्रकृतीविषयी काहीच सांगत नाहीत.

आजार आणि आदेश

ग्राहक दुकानात आले नाहीत ते भीतीने की बंदीने, हा प्रश्न धोरणाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. अमेरिकेत ऑस्टन गूल्सबी आणि चॅड सिव्हर्सन या अर्थतज्ज्ञांनी हद्दीच्या दोन बाजूंना असलेल्या, पण वेगवेगळे आदेश लागू झालेल्या व्यवसायांची तुलना केली. तेव्हा ग्राहकांच्या भेटींत झालेल्या सुमारे 60 टक्के घटीपैकी कायदेशीर निर्बंधांच्या वाट्याला केवळ 7 टक्केबिंदू, म्हणजे त्या 60 पैकी 7, आले. हा आकडा उचलून पुण्याला किंवा नाशिकला लावू नये, कारण आपली टाळेबंदी कितीतरी कडक होती. उचलावी ती पद्धत. जून 2021 मध्ये महाराष्ट्रात जिल्हे आणि शहरे पाच स्तरांत विभागली गेली, त्यामुळे अशी तुलना येथेही शक्य आहे. फक्त ते स्तर बाधितांचे प्रमाण आणि भरलेल्या प्राणवायू खाटा यांवर ठरत होते, म्हणजे जेथे आजार जास्त तेथेच निर्बंध जास्त होते. म्हणून दोन स्तरांमधील मर्यादेच्या अगदी अलीकडे-पलीकडे असलेले जिल्हेच एकमेकांशी ताडून पाहावेत.

पाया आणि व्याख्या

2021-22 च्या पहिल्या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन 20.1 टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर झाले, परंतु आदल्या वर्षी त्याच तिमाहीत ते 24.4 टक्क्यांनी घटले होते. 2019 ची पातळी 100 धरली, तर 2020 मध्ये ती 75.6 आणि 2021 मध्ये सुमारे 91 होती, म्हणजे उत्पादन अजून जुन्या पातळीच्या खालीच होते. म्हणून वाढीचा दर न देता 2019 च्या तुलनेतील पातळी द्यावी.

सूक्ष्म उद्योगाची व्याख्याही 1 जुलै 2020 पासून बदलली. पूर्वी उत्पादन क्षेत्रात यंत्रसामग्रीतील गुंतवणूक 25 लाख रुपयांपर्यंत असावी लागे. त्यानंतर 1 कोटीपर्यंत गुंतवणूक आणि 5 कोटींपर्यंत उलाढाल अशी दुहेरी अट आली, आणि एप्रिल 2025 मध्ये या मर्यादा अनुक्रमे अडीच आणि 10 कोटी झाल्या. महामारीआधीच्या आणि नंतरच्या सूक्ष्म उद्योगांची तुलना करणाऱ्याने मूळ आकडे घेऊन एकच व्याख्या सर्व वर्षांना लावावी आणि ती कोणती, हे तक्त्याखालीच लिहावे.