गाडी आणि लग्न, दोन्हींसाठी एकच टेलिफोटो झूम घ्यायची तर

22 जुलै 2021 ला चिपळुणात पूर आला तेव्हा माझी 70-200 मिलिमीटरची टेलिफोटो झूम (लांबचं जवळ आणणारी लेन्स) कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात होती. कॅमेऱ्याच्या बॉडी उचलून माळ्यावर टाकल्या, लेन्स राहिली. दोन दिवसांनी चिखलातून काढली तेव्हा झूम रिंग फिरवली की आतून गढूळ पाणी ठिबकत होतं. पहिली लेन्स मी दुसऱ्याचं बघून घेतली होती. आत्ताची मात्र मोजूनमापून घ्यावी लागली, कारण पैसे एकाच लेन्सपुरते होते आणि कामं दोन: लग्नं आणि गाड्या. गाड्या म्हणजे शोरूमची डिलिव्हरी, जुन्या गाड्या विकणाऱ्यांचे फोटो आणि प्री-वेडिंगला हौसेने आणलेली एखादी प्रीमियर पद्मिनी.

दुकानात जाण्याआधी दोन कामं घरबसल्या करा. पहिलं, गेल्या वर्षभरातले तुम्हाला स्वतःला आवडलेले दोनशे फोटो काढा आणि प्रत्येक फोटो किती मिलिमीटरला घेतलाय ते बघा. फाइलमध्येच ते लिहिलेलं असतं. माझे लग्नातले बहुतेक फोटो 85 ते 200 च्या मधले निघाले. 300 च्या लेन्सची स्वप्नं मी तिथेच सोडली.

दुसरं काम पावलांचं. ज्या कार्यालयांत तुम्ही नेहमी जाता तिथे बोहल्यापासून तुम्हाला उभं राहायला मिळतं त्या जागेपर्यंत पावलं मोजा. व्हिडिओवाल्याच्या, मामांच्या आणि अक्षता घेऊन पुढे सरकणाऱ्या आत्यांच्या मागे जी जागा उरते, ती आपली खरी जागा. माझ्याकडे ती आठ ते बारा मीटर निघाली. आता हिशेब सोपा आहे. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) बॉडीवर 200 मिलिमीटरला जितके मीटर लांब उभे राहाल, त्याला 0.18 ने गुणा, तेवढी आडवी रुंदी फ्रेममध्ये मावते. आठ मीटरवरून जवळजवळ दीड मीटर, म्हणजे वधूवर कमरेपासून वर, हारांसकट. बारा मीटरवरून सव्वादोन मीटर, त्यात करवलीही येते. याच्या आत तुमचं काम भागत असेल तर 200 पुरे. क्रॉप (लहान सेन्सरची) बॉडी असेल तर तीच लेन्स 300 सारखी वागते (कॅननच्या क्रॉपवर 320), म्हणजे लांबची बाजू फुकटात मिळते. जवळच्या बाजूला काय होतं ते गाडीच्या वेळी सांगते.

आता उजेडाचं. इथे मी स्वतः चुकले. हा सगळा हिशेब करण्याआधी, पुरानंतरच्या हंगामात हात आखडता होता म्हणून 70-300 घेतली, लांब टोकाला एफ/5.6 होणारी (एफचा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं भोक लहान आणि उजेड कमी). उन्हात काढलेले तिचे फोटो उत्तम होते. मग एका संध्याकाळच्या मुहूर्ताला कार्यालयात जुन्या पिवळ्या दिव्यांखाली उभी राहिले. तिथे एफ/2.8 ला शटर 1/200 सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 3200 असं गणित बसतं. एफ/5.6 म्हणजे उजेड चौथाई. मग एकतर आयएसओ 12800 करा, नाहीतर शटर 1/50 वर आणा. मी 1/50 वर आणलं. शेवटचं मंगलाष्टक संपलं, अंतरपाट दूर झाला, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि माझ्या सातही फोटोंत वधूची मान हललेली. स्टॅबिलायझर आपल्या हाताचा थरथराट थांबवतो, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही. तो क्षण पुन्हा मागता येत नाही. त्या मुलीला आल्बम देताना तो फोटो नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून माझं ठाम मत: लग्नं करणार असाल तर पूर्ण झूमभर एफ/2.8 राहणारी लेन्स घ्या, जुनी मिळाली तरी चालेल. एफ/4 ची 70-200 हलकी आणि धारदार असते. दिवसाची, बागेतली, समुद्रकाठची लग्नं करणाऱ्याने ती जरूर घ्यावी. कार्यालयात मात्र तो एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, रोज आठवतो.

लेन्स भाड्याने आणून बघणार असाल तर अक्षतांच्या वेळी नक्की बघा. हवेतले तांदूळ लेन्स आणि चेहऱ्याच्या मधून जातात आणि फोकस त्यांच्यावर उडी मारतो. कॅमेऱ्यात फोकसची चपळाई कमी करण्याची सोय असते, ती कमी करा. एवढं करूनही लेन्स पुढे-मागे धावत बसली आणि चेहऱ्यावर परतायला वेळ लावू लागली, तर ती परत करा.

गाडीची गरज नेमकी उलटी आहे. गाडीला एफ/2.8 फारसं लागत नाही. पद्मिनी साधारण चार मीटर लांब. ती पाच मीटरच्या फ्रेममध्ये बसवून एफ/2.8 ला फोटो घेतलात तर जेमतेम सव्वातीन मीटर खोली धारदार येते. हेडलाइट चकाचक आणि डिकी मऊ. एफ/5.6 ते एफ/8 वर या. एफ/2.8 राखून ठेवा ते बॉनेटवरच्या चिन्हासाठी, नाहीतर आरशात दिसणाऱ्या नवरीच्या डोळ्यांसाठी.

टेलिफोटो गाडीला लागते ती प्रमाणासाठी. मोबाइलने जवळ जाऊन काढलेल्या फोटोत गाडीचं नाक फुगतं आणि मागचा भाग आक्रसतो. दहा-पंधरा मीटर मागे जाऊन 70 ते 135 मध्ये घेतलं की गाडी डोळ्याला दिसते तशी बसते. पण तेवढं मागे जायला जागा हवी. पाच मीटरची फ्रेम 70 मिलिमीटरला धरायची तर फुल-फ्रेमवर दहा मीटर मागे जावं लागतं, क्रॉपवर पंधरा. बाजारपेठेतल्या विक्रेत्याच्या अंगणात पंधरा मीटर कुठून आणणार? तिथे मी मुकाट्याने 24-70 ची रुंद झूम लावते आणि टेलिफोटोने फक्त चाकं, दिवे, डॅशबोर्ड घेते. मोकळं मैदान मिळालं की मग पूर्ण गाडी. पुढची चाकं थोडी वळवा, अलॉयचा चेहरा कॅमेऱ्याकडे यायला हवा.

चालत्या गाडीसाठी लेन्सवर स्टॅबिलायझरचा दुसरा मोड आहे का बघा. त्यात आडवी हालचाल मोकळी सोडली जाते आणि फक्त वरखाली थोपवली जाते. 1/125 ने सुरुवात करा, हात बसला की 1/60 वर या. गाडी स्पष्ट आणि कुंभार्ली घाटातली झाडी हिरव्या रेघांसारखी येते. हे सगळं रिकाम्या रस्त्यावर, आतल्या बाजूला उभं राहून, गाडीवाल्याशी आधी बोलून. हायवेच्या कडेला कधीही नाही.

दुपारी तापलेल्या डांबरावर 200 ला घेतलेला फोटो थरथरलेला दिसला तर लेन्सला दोष देऊ नका, ती गरम हवा आहे. जवळ जा किंवा सकाळी या. आणि पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) घ्याच. काचेवरचं आभाळ पुसलं जाऊन आत बसलेली माणसं दिसू लागतात. त्याने एक ते दोन स्टॉप उजेड जातो, त्यामुळे मांडवात शिरताना काढून ठेवा. बऱ्याच 70-200 एफ/2.8 ना 77 मिलिमीटरचा फिल्टर लागतो, तो आकार आधीच तपासा, कारण चांगला पोलरायझर स्वस्त नसतो.

वजनाकडे आम्हा बायकांनीच नव्हे, सगळ्यांनी बघावं. डीएसएलआरच्या जमान्यातली कॅननची 70-200 एफ/2.8 आवृत्ती दोन 1490 ग्रॅम आहे. बॉडीसकट दोन किलोच्या वर जाते आणि लग्न सकाळी सातला सुरू होऊन पाठवणीपर्यंत चालतं. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसाठी कॅननची आरएफ 70-200 एफ/2.8 1070 ग्रॅम, सोनीची जीएम दोन 1045 ग्रॅम. टॅमरॉनची सोनीसाठीची पहिली 70-180 एफ/2.8 फक्त 810 ग्रॅम, पण तिच्यात स्टॅबिलायझर नाही, बॉडीत असावा लागतो. त्या 1070 ग्रॅमवाल्या आरएफला टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला वाढवणारा जोड) बसत नाही, हेही आधी लक्षात घ्या. मी शेवटी जुनी कॅनन आवृत्ती दोन घेतली, सेकंडहँड, आणि सोबत रुंद पट्टा.

सेकंडहँड तपासायची माझी पद्धत सांगते. मोबाइलचा टॉर्च मागून मारून पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, सोडून द्या. धुळीच्या दोनचार कणांनी काही बिघडत नाही. मग चिऱ्याच्या भिंतीसमोर समांतर उभं राहून 70, 135 आणि 200 ला एफ/2.8 वर फोटो घ्या आणि चारही कोपरे मोठे करून बघा. जांभ्याची भोकं एका बाजूला स्पष्ट आणि दुसऱ्या बाजूला पुसट दिसली तर आतली भिंग सरकलेली आहेत, बहुधा कधीतरी पडली असणार. माउंटच्या (लेन्स बॉडीला बसते त्या कड्याच्या) स्क्रूंवर गंज असेल तर लेन्स पाण्यात गेली होती असं धरून चाला. आमच्या भागात पुरानंतर अशा पुष्कळ लेन्स पुसूनपासून विकायला आल्या.

घरी आणल्यावर सीरियल नंबरचा आणि बिलाचा फोटो काढून स्वतःला मेल करा, विमा त्याच दिवशी. पावसाळ्यात आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांवर राहील अशी ड्राय कॅबिनेट घ्या. माझी आता माळ्यावर आहे, वायर वरूनच ओढून घेतलीय.