अमेरिकेची राज्यघटना मराठीतून समजून घेताना या चुका टाळा

अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेवरील मराठी उत्तरपत्रिका तपासताना किंवा बातम्यांचे अनुवाद वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते. बहुतेक चुका माहिती कमी पडल्यामुळे होत नाहीत, त्या शब्दांमुळे होतात. सरकार, मंत्री, राज्यपाल, अध्यादेश, महाभियोग हे शब्द आपल्या संसदीय व्यवस्थेत रुळलेले आहेत. ते अमेरिकेविषयीच्या वाक्यात आले की त्यांच्यामागची आपली यंत्रणाही न सांगता तिथे जाऊन बसते. एका बाबतीत मराठी वर्तमानपत्रांनी ही काळजी घेतलेली आहे. आपले ते राष्ट्रपती आणि अमेरिकेचे ते राष्ट्राध्यक्ष हा भेद रूढ झाला आहे. बाकीच्या शब्दांच्या वाट्याला एवढी सावधगिरी आलेली नाही.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक ‘सरकार’ या शब्दाची. “मध्यावधी निवडणुकीत बहुमत गमावल्याने अमेरिकेतील सरकार संकटात” असे वाक्य आपल्याला खटकत नाही, कारण आपल्याकडे लोकसभेतील बहुमत गेले की मंत्रिमंडळ जाते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांची मुदत चार वर्षांची असते आणि अविश्वासाचा ठराव हा प्रकारच तिथे नाही. काँग्रेसची, म्हणजे तिथल्या कायदेमंडळाची, सिनेट आणि प्रतिनिधिगृह ही दोन्ही सभागृहे विरोधकांकडे गेली तरी विधेयके अडतात, नेमणुका रखडतात, पण पद जात नाही. आपण ज्याला सरकार म्हणतो त्यासाठी तिथे ‘प्रशासन’ हा शब्द आहे. ‘सरकार’ म्हटले की त्यात काँग्रेस आणि न्यायालयेही येतात. म्हणूनच २२ डिसेंबर २०१८ ते २५ जानेवारी २०१९ असे ३५ दिवस अमेरिकी सरकारचे कामकाज अंशतः ठप्प होते, तेव्हा सरकार पडले नव्हते. अनेक खात्यांच्या खर्चाला काँग्रेसची मंजुरी नव्हती, इतकेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना हाच फरक नेमका सांगितला होता. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक आणि जबाबदारी कमी, तर मसुद्याने अधिक स्थैर्यापेक्षा अधिक जबाबदारी पसंत केली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हे भाषण वाचून मग अमेरिकेकडे वळणारा विद्यार्थी सहसा इथे चुकत नाही.

याच चुकीचे धाकटे भावंड म्हणजे ‘मंत्री’. आपल्याकडे मंत्र्याला सहा महिन्यांत संसदेचे सदस्य व्हावे लागते. तिथे काँग्रेसच्या सदस्याला मंत्रिपद हवे असेल तर सदस्यत्व सोडावे लागते. हिलरी क्लिंटन २००९ मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्या, त्या सिनेटचा राजीनामा देऊनच.

‘सत्ताविभाजन’ हा शब्द पाठ केलेला विद्यार्थी पुढे हमखास लिहितो की तिन्ही शाखा एकमेकींच्या कामात ढवळाढवळ करीत नाहीत. घटना तर ती ढवळाढवळ हिशेबाने घडवून आणते. ‘सत्ताविभाजन’ हा शब्द घटनेच्या मजकुरात नाही. पहिले तीन अनुच्छेद कायदेमंडळ, कार्यकारी सत्ता आणि न्यायसंस्था यांची स्वतंत्र मांडणी करतात, आणि मग प्रत्येकीच्या हातात दुसरीची एखादी दोरी देतात. राष्ट्राध्यक्ष न्यायाधीशांची नावे सुचवतात, पण सिनेटच्या संमतीवाचून नेमणूक होत नाही. करार राष्ट्राध्यक्ष करतात, पण सिनेटमधील उपस्थितांपैकी दोन-तृतीयांश मते त्याला लागतात.

या दोरीची एक गाठ जवळून पाहण्यासारखी आहे. विधेयक हाती आल्यावर राष्ट्राध्यक्षांना रविवार वगळून दहा दिवस मिळतात. त्यांनी ते हरकतींसह परत पाठवले, तर दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी पुन्हा संमत करावे लागते. त्यांनी काहीच केले नाही आणि काँग्रेसचे अधिवेशन चालू असेल, तर सहीशिवायच त्याचा कायदा होतो. मात्र काँग्रेसने कामकाज तहकूब केल्यामुळे ते परत पाठवणेच शक्य नसेल, तर विधेयक मरते, आणि यालाच पॉकेट व्हेटो म्हणतात. आपल्याकडे हाच शब्द राष्ट्रपती झैलसिंग यांनी १९८६ च्या टपाल दुरुस्ती विधेयकावर निर्णय न घेता ते ठेवून दिले त्यासाठी वापरला जातो. पण आपली यंत्रणा वेगळी आहे, कारण आपल्या घटनेच्या कलम १११ मध्ये मुदतच दिलेली नाही. अमेरिकेत मौनाचा अर्थ एरवी संमती होतो, आपल्याकडे मौनाने विधेयक लटकते. दोन्ही उदाहरणे एकाच व्याख्येखाली कोंबू नयेत.

राष्ट्राध्यक्षांच्या कार्यकारी आदेशाला ‘अध्यादेश’ म्हणणे ही बातम्यांमधील नित्याची चूक आहे. आपला अध्यादेश म्हणजे संसदेचे अधिवेशन नसताना काढलेला, कायद्याइतकेच बळ असलेला हुकूम. कार्यकारी आदेशाला असे स्वतःचे बळ नसते. तो एकतर घटनेने राष्ट्राध्यक्षांना दिलेल्या अधिकारावर उभा असतो किंवा काँग्रेसने केलेल्या कायद्यावर. कोरियन युद्धाच्या काळात, १९५२ मध्ये, ट्रुमन यांनी संप टाळण्यासाठी पोलाद कारखाने ताब्यात घेण्याचा आदेश काढला. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो रद्द केला, कारण त्यामागे ना कायदा होता ना घटनेतील अधिकार. त्यामुळे ‘कार्यकारी आदेश’ हे शब्द थोडे रूक्ष वाटले तरी तेच वापरावेत.

‘महाभियोग’ या शब्दाने तर गोंधळ पिढ्यान्‌पिढ्या चालवला आहे. एका उत्तरपत्रिकेतील वाक्य असे होते: “क्लिंटन यांच्यावर महाभियोग सिद्ध झाला, परंतु ते पदावर राहिले.” वाचणाऱ्याला यात विसंगती वाटते, आणि ती शब्दाने निर्माण केलेली आहे. अमेरिकेत महाभियोग म्हणजे प्रतिनिधिगृह साध्या बहुमताने जे करते तेवढेच, आणि ते आपल्या फौजदारी न्यायालयातील आरोपनिश्चितीसारखे असते. खटला त्यानंतर सिनेटमध्ये चालतो आणि दोषी ठरवायला उपस्थितांपैकी दोन-तृतीयांश मते लागतात. अँड्र्यू जॉन्सन १८६८ मध्ये ३५ विरुद्ध १९ अशा मतदानात एका मताने वाचले. क्लिंटन १९९९ मध्ये सुटले. ट्रम्प यांच्यावर २०१९ आणि २०२१ असे दोनदा आरोप निश्चित झाले, दोन्ही वेळा सिनेटने त्यांना दोषी ठरवले नाही. आजवर एकही राष्ट्राध्यक्ष या मार्गाने पदावरून गेलेला नाही. निक्सन यांचे नाव या यादीत घालण्याचा मोह आवरावा. प्रतिनिधिगृहात मतदान होण्याआधीच ऑगस्ट १९७४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

तारखांची घोटाळेबाजी लवकर निस्तरता येते. १७७६ हे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे वर्ष, १७८७ हे फिलाडेल्फियात घटना लिहिली गेली ते वर्ष, आणि ती अमलात आली १७८९ मध्ये. हक्कांची सनद म्हणजे पहिल्या दहा दुरुस्त्या. त्या १७९१ च्या. न्यायालयीन पुनर्विलोकन, म्हणजे घटनेशी विसंगत कायदा रद्द ठरवण्याचा न्यायालयाचा अधिकार, घटनेत शोधू नये. ते १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन या निकालाने दृढ केले. आपल्याकडे कलम १३ आहे, म्हणून तिथेही तसे कलम असेलच असे आपण गृहीत धरतो.

हक्कांबाबतची चूक अधिक खोल आहे. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणारी पहिली दुरुस्ती “काँग्रेस असा कोणताही कायदा करणार नाही” अशा अर्थाने सुरू होते, म्हणजे ती सत्तेला बांधते, खासगी कंपनीला नव्हे. एखाद्या कंपनीने आपल्या संकेतस्थळावरून कोणाचा मजकूर काढला तर केवळ तेवढ्याने त्या दुरुस्तीचा भंग होत नाही. शिवाय ती सुरुवातीला राज्यांनाही बांधत नव्हती. बाल्टिमोर शहराच्या कामांमुळे आपल्या धक्क्यापाशी गाळ साचून जहाजे लागेनाशी झाली, अशी तक्रार घेऊन आलेल्या मालकाला १८३३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही सनद केवळ संघराज्य सरकारविरुद्ध आहे. राज्यांवर तिची बंधने आली ती १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे, आणि तीही मुख्यतः विसाव्या शतकात, एकेक हक्क करीत.

राज्यांविषयी लिहिताना ‘राज्यपाल’ हा शब्द सर्वाधिक फसवतो. अमेरिकी गव्हर्नर केंद्राने नेमलेला नसतो, तर राज्याच्या मतदारांनी निवडलेला असतो. अधिकारांच्या दृष्टीने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या अधिक जवळचा. शेषाधिकार, म्हणजे वाटणीत नाव घेऊन कोणालाच न दिलेले अधिकार, आपल्याकडे केंद्राकडे आहेत, तिथे दहाव्या दुरुस्तीने राज्यांकडे किंवा जनतेकडे ठेवले आहेत. विवाह, वाहन परवाना, बहुतेक फौजदारी कायदा हे सारे राज्यागणिक बदलते, आणि न्यू जर्सीहून टेक्ससला बिऱ्हाड हलवणाऱ्या मराठी कुटुंबाला परवाना नव्याने काढताना ते कळते.

याच विभागणीमुळे राष्ट्राध्यक्षांच्या माफीचा अर्थही बदलतो. आपल्याकडे फाशीची शिक्षा कोणत्याही कायद्याखालची असली तरी राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज करता येतो. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची माफी संघराज्याच्या कायद्याखालील गुन्ह्यांपुरती असते. राज्याच्या न्यायालयाने खुनासाठी दिलेल्या शिक्षेला त्यांना हात लावता येत नाही. म्हणून “राष्ट्राध्यक्षांनी माफी दिल्याने प्रकरण संपले” असे लिहिण्याआधी खटला कोणाच्या कायद्याखाली आणि कोणाच्या न्यायालयात होता, हे तपासावे.