पिवळ्या टँगचं खपाटीला गेलेलं पोट

आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला यलो टँग मासा खायचा भरपूर. मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) टाकली की सगळ्यांच्या आधी हजर. तरी पोट आत गेलेलं, आणि डोळ्यांभोवती बारीक खड्डे पडू लागलेले. पाणी तपासलं: क्षारता (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान २६ अंश, अमोनिया शून्य. पाण्यात खोट नव्हती, खोट माझ्या वाढण्यात होती. हा मासा मुळात चरणारा. हवाईच्या खडकांवर दिवसभर शेवाळ खुडत फिरतो. त्याला मी दोन वेळचं मांसाहारी जेवण घालत होतो!

मग नोरी आणली, म्हणजे सुशी या जपानी पदार्थाभोवती गुंडाळतात तो वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा कागद. पहिलं पाकीट तेल-मीठ लावलेलं निघालं, ते मीच खाल्लं. टाकीसाठी साधी, बिनमसाल्याचीच हवी. क्लिपला लावून कोपऱ्यात टांगली तर दोन दिवस ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी तुकडा रबरबँडने दगडाला बांधून प्रवाहात ठेवला. हलताना दिसल्यावर पठ्ठ्याने दुपारपर्यंत फस्त केला. आता रोज सकाळी तळहाताएवढा तुकडा, एक दिवसाआड व्हिटॅमिनच्या थेंबांत भिजवून. उरलेलं संध्याकाळी काढतो, नाहीतर ते कुजून पाण्यात नायट्रेट चढतं. (हात जपून घाला. शेपटीजवळचा काटा ब्लेडसारखा कापतो, मला प्रसाद मिळालाय.) पाणी गाळायचा कार्बनही आता नीट धुऊनच टाकतो, त्याची बारीक पूड डोळ्यांभोवतीच्या खड्ड्यांना कारण ठरू शकते.

पोट तीन आठवड्यांत भरलं. खड्डे बुजायला चार महिने लागले, एक पुसटसा अजून आहे.