वेदनेच्या मानसशास्त्रात यायचंय? सुरुवात रोनाल्ड मेलझॅकपासून करा

पेन क्लिनिकमध्ये, म्हणजे जुनाट दुखण्यावरच्या उपचार केंद्रात, काम करायची इच्छा असलेले एम.ए.चे विद्यार्थी भेटायला आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, कुठलं पुस्तक वाचू?" पुस्तकं पुष्कळ आहेत, चांगलीही आहेत. पण मी सगळ्यांना एकच सांगते: एक संशोधक निवडा आणि त्याचे पेपर ज्या क्रमाने छापून आले त्याच क्रमाने वाचून काढा. पहिला संशोधक कोण, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. रोनाल्ड मेलझॅक.

पाठ्यपुस्तकात मेलझॅक अर्ध्या पानाच्या चौकटीत उरकलेले असतात. 'गेट कंट्रोल थिअरी, १९६५', खाली एक आकृती, आणि परीक्षेला पाच मार्क. तो सिद्धान्त कुठल्या अडचणीतून निघाला हे त्या चौकटीत कळत नाही. आणि आपल्या कामात रोज उपयोगी पडते ती नेमकी ती अडचण.

मेलझॅक मुळात मानसशास्त्रज्ञ. १९२९ साली माँट्रियलमध्ये जन्मले, आणि तिथल्याच मॅकगिल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांच्या हाताखाली १९५४ मध्ये पीएच.डी. झाले. वाचायला घ्यायचा पहिला पेपर १९५७ चा, स्कॉट या सहकाऱ्याबरोबरचा. स्कॉटिश टेरियर जातीची काही पिल्लं जन्मानंतर बंदिस्त जागेत, इतर कुत्र्यांपासून आणि जगापासून तोडून वाढवली होती. मोठी झाल्यावर ही कुत्री जळत्या काडीला नाक लावत, भाजलं तरी दूर पळत नसत आणि पुन्हा पुन्हा तेच करत. आजच्या एथिक्स कमिटीसमोर असा प्रयोग उभाच राहणार नाही, आणि वाचताना त्रास होतो. तो व्हायलाच हवा. पण त्यातला प्रश्न बघा. वेदना म्हणजे कातडीपासून मेंदूपर्यंत गेलेली नुसती तार असती, तर पिल्लू कसं वाढलं याने काय फरक पडला असता?

पुढे ते अमेरिकेत ओरेगॉनमध्ये वेदनेवर संशोधन करणारे सर्जन विल्यम लिव्हिंग्स्टन यांच्याकडे गेले. तिथे पाय कापलेल्या एका वयस्कर बाईशी त्यांच्या भेटी होत. नसलेला पाय दुखतो म्हणजे कसा दुखतो, याचं वर्णन ती ज्या शब्दांत करायची ते शब्द मेलझॅक लिहून ठेवू लागले. त्या यादीकडे नंतर येते.

१९५९ मध्ये एम.आय.टी.मध्ये त्यांची गाठ पॅट्रिक वॉल या शरीरक्रिया-शास्त्रज्ञाशी पडली. नोव्हेंबर १९६५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात या दोघांचा पेपर आला. नऊच पानं आहेत, पण एका बैठकीत संपवायला जाऊ नका. विद्यार्थी थेट आकृतीवर उडी मारतात. तसं करू नका, कारण सुरुवातीच्या भागातच खरी गंमत आहे. त्या काळी दोन सिद्धान्त प्रस्थापित होते: एक म्हणे वेदनेसाठी वेगळे चेतातंतू असतात, दुसरा म्हणे चेतांमधल्या संदेशांच्या नमुन्यातून वेदना ठरते. या दोघांनाही कुठली निरीक्षणं पचत नाहीत, ते लेखक तिथे एकेक करून मांडतात. त्यात दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या अँझिओच्या आघाडीवर जखमी झालेले सैनिक येतात. हेन्री बीचर या भूलतज्ज्ञाने त्यांची पाहणी केली होती. जखमा गंभीर असूनही मॉर्फिन लागावं इतकं दुखतंय, अशी तक्रार तिघांतल्या एकानेच केली होती. पाव्हलॉव्हची कुत्रीही येतात, विजेच्या धक्क्यानंतर दर वेळी खाणं मिळू लागल्यावर धक्क्यालाच खाण्याची खूण समजू लागलेली.

मग आकृती. ती स्वतःच्या हाताने वहीत काढा, झेरॉक्स चिकटवू नका. मज्जारज्जूच्या मागच्या भागात जाड आणि बारीक असे दोन प्रकारचे चेतातंतू येतात. तिथे वेदनेच्या वाटेवर जणू एक दार आहे, हेच ते 'गेट'. स्पर्शाची, दाबाची खबर आणणारे जाड तंतू हे दार लोटून बंद करतात, बारीक तंतू ते उघडं ठेवतात. आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही त्याच दारावर काम करतात: लक्ष कुठे आहे, आधीचा अनुभव काय, भीती किती. जोडण्यांच्या तपशिलावर पुढे बरीच टीका झाली, काही भाग बदलावे लागले. पण मेंदू वेदनेची नुसती वाट बघत बसत नाही, ती वर येतानाच तिच्यावर हुकूम चालवतो, ही मुख्य गोष्ट टिकली. दोन वर्षांनी वॉल यांनी मेंदूचे सर्जन विल्यम स्वीट यांच्यासोबत चेतांना विजेचा सौम्य प्रवाह देऊन वेदना तात्पुरती थांबवून दाखवली. आज तालुक्याच्या गावातल्या फिजिओथेरपीतही कमरेला पॅड चिकटवून जे 'टेन्स'चं मशीन लावतात, त्याचं मूळ इथे आहे.

आता हे सगळं टेबलावर कसं येतं ते सांगते. कंबरदुखीची एक बाई, पन्नाशीच्या आसपास. मांडीवर एमआरआयची मोठी पिशवी, शेजारी नवरा. नीट बसवत नाही म्हणून एक हात खुर्चीच्या दांडीवर रोवलेला. नाव-गाव विचारून होतंय तोवर ती म्हणते, "डॉक्टरांनी तुमच्याकडे पाठवलं म्हणजे माझं दुखणं खोटं वाटतं का त्यांना?" हा प्रश्न या कामात वारंवार येतो, वेगवेगळ्या शब्दांत. इथे तुम्ही "नाही हो, तसं काही नाही" म्हणालात, की ती पुढच्या वेळी येणार नाही.

मी विचारते, "कोपर आपटलं की आपण आधी काय करतो?" "चोळतो." "चोळल्याने मार कमी होतो का?" "मार नाही, पण बरं वाटतं." मग विचारते, घरात शेवटचं कार्य कधी झालं. पुतणीचं लग्न झालेलं असतं. दिवसभर उभं राहताना कंबर किती दुखली, आणि पाहुणे गेल्यावर किती? ती नवऱ्याकडे बघते आणि स्वतःच सांगते की मांडवात होती तोवर कळलंच नाही, रात्री मात्र पाठ टेकवेना. म्हणजे दुखणं खरं होतं. कंबरही तीच होती, दार मात्र कमी-जास्त उघडत होतं, आणि ते लोटायला शिकता येतं, त्यासाठी तुम्हाला माझ्याकडे पाठवलंय. एवढं बोलणं झालं की खुर्चीच्या दांडीवरचा हात बऱ्याचदा सैल पडतो. १९६५ चा पेपर मुळातून वाचलेला विद्यार्थी हे संभाषण आपल्या पद्धतीने करू शकतो. चौकट पाठ केलेल्याला ते जमत नाही, हे मी बघितलंय.

त्यानंतर प्रश्नावली. ओरेगॉनमध्ये सुरू झालेली शब्दांची यादी १९७१ मध्ये वॉरन टॉर्गर्सन या संख्याशास्त्रज्ञाबरोबरच्या पेपरात दिसते. वेदनेचे १०२ शब्द, त्यांचे गट, आणि कुठला शब्द किती तीव्र हे डॉक्टर, रुग्ण आणि विद्यार्थी अशा तिघांकडूनही ठरवून घेतलेलं. त्यातून १९७५ मध्ये 'पेन' नियतकालिकात मॅकगिल पेन क्वेश्चनेअर आली: ७८ शब्द, २० गट. काही गट संवेदनेचे, काही भावनेचे, एक एकूण तीव्रतेचा, बाकी किरकोळ. आपल्या रुग्णांचं बोलणं या नजरेने ऐका. ठणका, चमक, आग, मुंग्या, रग हे एका बाजूला. 'जीव नकोसा झालाय', 'वैताग आलाय' हे दुसऱ्या बाजूला. एकाच वाक्यात दोन्ही येतात, आणि केस-पेपरवर बहुधा पहिलंच उतरतं. दुसरं लिहून घेणं हे तुमचं काम. १९८७ ची छोटी आवृत्ती १५ शब्दांची आहे. गर्दीच्या ओपीडीत तीच परवडते, पण मोठी आधी वाचा.

मेलझॅक वाचून झाले की फार पसरू नका. सिॲटलचे मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांचं १९६० आणि ७० च्या दशकातलं काम घ्या. दुखलं की गोळी, असं न करता घड्याळाच्या वेळेवर गोळी द्यायची, आणि दुखेपर्यंत काम करून मग थांबण्याऐवजी आधीच ठरवलेल्या मापावर थांबायचं, हे त्यांच्या वर्तनवादी मांडणीतून आलं: ज्या वागण्याला प्रतिसाद मिळतो ते वाढतं. आपल्या एकत्र कुटुंबांत तर ते फार लागू पडतं. आई कण्हली की सगळं घर धावतं, आणि ती उठून दोन पावलं चालली तर कोणी बघतही नाही. त्यानंतर व्लाएन आणि लिंटन यांचा २००० सालचा भीती आणि टाळाटाळीवरचा पेपर: हालचाल केली तर काहीतरी तुटेल, या भीतीने माणूस हालचालच सोडतो आणि त्यानेच आणखी अडकतो. वाकायला नकार देणारे रुग्ण रोज दिसतील, तेव्हा हा पेपर आठवेल.

आणि शेवटी २०२० चं कॉक्रेन परीक्षण, म्हणजे झालेल्या सगळ्या अभ्यासांचा एकत्र पद्धतशीर आढावा, अमांडा विल्यम्स आणि सहकाऱ्यांचा. जुनाट दुखण्यावरच्या मानसोपचारांचे ७५ अभ्यास, नऊ हजारांहून अधिक सहभागी. विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या बोधात्मक-वर्तनोपचाराचा (सीबीटी) फायदा होतो, पण तो छोटा आहे, असं ते स्वच्छ सांगतं. हे वाचून काही विद्यार्थी हिरमुसतात. मला मात्र हा पेपर फार मोलाचा वाटतो. रुग्णाला 'दुखणं जाईल' असं वचन देण्याचा मोह तो आवरायला लावतो. चालणं, झोप, स्वयंपाकघरात उभं राहणं, नातवाला उचलणं, अशी उद्दिष्टं ठरवून काम करायला तो शिकवतो.

पेपर मिळवायचे कसे? वैद्यकीय लेखांच्या पबमेड या मोफत ऑनलाइन सूचीवर आधी शोधा, काही लेख पूर्णही मिळतात. सरकारी विद्यापीठात किंवा कॉलेजात असाल तर संशोधन नियतकालिकं वाचायला देणारी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही सरकारी योजना २०२५ पासून सुरू झालीय, ग्रंथपालांना विचारा. वाचताना प्रत्येक पेपरसाठी वहीचं एक पान ठेवा: प्रश्न काय होता, कोणावर तपासला, काय मोजलं, आणि माझ्यासमोरच्या कुठल्या रुग्णाला हे लागू पडत नाही. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर पेपर पुन्हा वाचा.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून स्वतंत्र काम करायचं तर आर.सी.आय.ची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी हवी. अभ्यासक्रमांचे नियम सध्या बदलताहेत, म्हणून सीनियरच्या सांगण्यावर न जाता आर.सी.आय.च्या संकेतस्थळावरच बघा. इंटर्नशिप मागताना भूलशास्त्र विभागात चौकशी करा. आपल्याकडे पेन क्लिनिक बहुतेक ठिकाणी भूलतज्ज्ञच चालवतात. कॅन्सर रुग्णालयांचे पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणारे, विभागही विचारात घ्या. तिथलं ऐकणं वेगळं असतं आणि जड जातं, पण शिकायला तसं दुसरीकडे मिळत नाही.

प्रबंधासाठी मॅकगिल प्रश्नावली वापरणार असाल तर दोन गोष्टी आधी करा. वापराची परवानगी लेखी घ्या. आणि गाइडबरोबर बसून मराठीत रात्रीतून भाषांतर करून ती वाटू नका: दोघांनी स्वतंत्र भाषांतर, मग मराठीतून पुन्हा इंग्रजीत उलट भाषांतर, मग थोड्या रुग्णांवर चाचणी, आणि एथिक्स कमिटीची मंजुरी हातात आल्यावरच पहिला फॉर्म भरून घ्यायचा. याला एक सत्र सहज जातं, त्यामुळे विषय नक्की करतानाच वेळापत्रकात ते धरून ठेवा.